समुद्रतळावरचे लोखंड गंजवून संपवता येईल का?

समुद्रातील तेल आणि वायूचे साठे आटल्यावर तिथली यंत्रसामग्री कशी मोडीत काढतात, यावर मागील अंकात एक लेख होता. ही सामग्री कापून वर आणण्याऐवजी तिच्यात मुद्दाम वीजप्रवाह सोडून ती जागच्या जागी गंजवून टाकावी, अशीही एक कल्पना मांडली जाते, असा उल्लेख त्यात एका वाक्यात होता. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली, म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी दोन खिळे मिठाच्या पाण्यात उभे करून नऊ व्होल्टच्या बॅटरीला जोडले. रात्रभरात एक खिळा स्पष्ट बारीक झाला आणि पाणी आधी हिरवट-काळे, मग तांबूस झाले. दुसरा खिळा जसाच्या तसा राहिला. त्याच्यावरून फक्त बुडबुडे निघत होते. समुद्रातल्या लोखंडाचेही असेच करायचे आहे का?

उत्तर : होय, तत्त्व अगदी हेच आहे. बॅटरीच्या धन टोकाला जोडलेला खिळा हा ॲनोड. त्यातील लोखंडाचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन तारेत सोडतो आणि स्वतः पाण्यात उतरतो. ते इलेक्ट्रॉन दुसऱ्या खिळ्यापर्यंत, म्हणजे कॅथोडपर्यंत पोहोचतात आणि तिथे पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन सुटतो. आपण पाहिलेले बुडबुडे त्याचेच. पाण्याला आलेला हिरवट रंग फेरस हायड्रॉक्साइडचा होता आणि ऑक्सिजन मिळताच त्याचे रूपांतर आपल्या ओळखीच्या तांबूस गंजात झाले.

दुसरा खिळा शाबूत राहिला, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे, कारण समुद्रातील पोलाद वर्षानुवर्षे टिकवले जाते ते त्याच रीतीने. प्लॅटफॉर्मच्या पायांना, पाइपलाइनला आणि तळावरच्या यंत्रांना ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे मोठे ठोकळे जोडलेले असतात. हे ठोकळे ॲनोड म्हणून स्वतः झिजतात आणि पोलादाला कॅथोड करून ठेवतात. आकड्यांत सांगायचे तर, चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ-इलेक्ट्रोडशी तुलना केल्यास समुद्राच्या पाण्यात मोकळे गंजणारे पोलाद सुमारे उणे 0.65 व्होल्टवर असते, ॲल्युमिनियमचा ठोकळा सुमारे उणे 1.05 व्होल्टवर असतो आणि पोलाद उणे 0.80 किंवा त्याहून खाली राखले की ते सुरक्षित मानले जाते. मुद्दाम गंजवण्याच्या योजनेत हीच दिशा उलटवायची असते. ठोकळे काढून टाकायचे, पोलाद धन टोकाला जोडायचे आणि जवळच दुसरा धातू कॅथोड म्हणून ठेवायचा.

या शास्त्राचा आरंभ 1824 मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी केला. लाकडी युद्धनौकांच्या तळावर ठोकलेले तांब्याचे पत्रे झिजू नयेत, म्हणून त्यांनी त्या पत्र्यांना लोखंड आणि जस्ताचे तुकडे जोडले. तांबे उत्तम टिकले. मात्र ते विरघळायचे थांबल्याबरोबर त्याचा विषारीपणाही संपला, तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू लागले आणि जहाजांचा वेग मंदावला. धातू विरघळणे हाही कधीकधी उपयोगाचा भाग असतो, हे तेव्हाच दिसून आले होते.

प्रश्न : एखादा पूर्ण प्लॅटफॉर्म असा विरघळवायला किती वीज आणि किती वर्षे लागतील?

उत्तर : याचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही, कारण मायकेल फॅरेडे यांनी 1830 च्या दशकात मांडलेल्या नियमांवरून ते थेट काढता येते. एक अँपियर प्रवाह वर्षभर अखंड वाहिला, तर सुमारे 9.1 किलो लोखंड विरघळते. उलट हिशेब केला तर एक टन लोखंडासाठी सुमारे 9 लाख 60 हजार अँपियर-तास लागतात. वर पत्र लिहिणाऱ्या वाचकांच्या नऊ व्होल्टच्या बॅटरीत साधारण अर्धा अँपियर-तास साठा असतो. त्यात अर्धा ग्रॅम लोखंड जाते आणि बारीक खिळ्यावर तेवढा फरक सहज दिसतो. प्रमाण वाढले की मात्र चित्र बदलते.

दहा हजार टनांचे पोलादी जॅकेट, म्हणजे प्लॅटफॉर्म ज्यावर उभा असतो तो जाळीदार सांगाडा, दहा वर्षांत संपवायचे ठरवले, तर दहा वर्षे अखंड सुमारे 1 लाख 10 हजार अँपियर प्रवाह द्यावा लागेल. ॲल्युमिनियम धातू काढणाऱ्या कारखान्यांत अशा मापाचे प्रवाह वाहतात; तिथे ते धातूच्या जाडजूड पट्ट्यांतून नेतात आणि सगळी मांडणी कोरड्या जमिनीवर, माणसाच्या हाताशी असते. समुद्रात लाटा, खारे पाणी आणि दीडशे मीटर खोली यांच्यामध्ये तेच करायचे आहे.

पुष्कळ वाचकांना वाटते की हे काम जवळजवळ फुकटात होते, कारण व्होल्टेज अगदी थोडे लागते. हा समज तपासून पाहिला पाहिजे. फक्त एक व्होल्ट धरला, तरी एक टन लोखंड विरघळवायला सुमारे 960 युनिट वीज लागते. आणि पाण्यातील, तारांतील व कॅथोडवरील तूट लक्षात घेता प्रत्यक्षात एका व्होल्टवर भागणे अवघड आहे. तीन व्होल्ट धरले तर आकडा 2,900 युनिटांच्या आसपास जातो. विजेच्या आर्क भट्टीत एक टन पोलादी भंगार वितळवायला मात्र साधारण 400 ते 500 युनिट पुरतात. म्हणजे तेच पोलाद वितळवून पुन्हा वापरात आणण्यासाठी लागणाऱ्या विजेच्या कितीतरी पट वीज खर्च करून आपण ते चिखलात घालवतो. पोलाद वर आणायला जहाजे आणि इंधन लागते हे खरे. पण वर आलेल्या पोलादाचे काहीतरी होते, विरघळलेल्याचे काहीच होत नाही. मला या योजनेतली सर्वांत खटकणारी गोष्ट हीच वाटते.

लहान वस्तूंचा हिशेब इतका निराशाजनक नाही. शंभर टनांचे एखादे तळयंत्र दहा वर्षांत संपवायला सुमारे 1,100 अँपियर लागतील आणि तीन व्होल्टला ही शक्ती जेमतेम साडेतीन किलोवॉट भरते. अडचण शक्तीची नसून प्रवाह पोहोचवण्याची आहे. इतक्या कमी व्होल्टेजला हजार अँपियर लांबवरून नेले तर सगळी ऊर्जा तारेतच जिरते. म्हणून वरून जास्त व्होल्टेजची वीज आणून तळावरच रेक्टिफायर, म्हणजे तिचे एकाच दिशेच्या प्रवाहात रूपांतर करणारे यंत्र, बसवावा लागतो. मग दहा वर्षांनी तो रेक्टिफायर, त्याची केबल आणि कॅथोड हीच तळावरची नवी सामग्री ठरते आणि तीही कोणीतरी काढायची असते.

प्रश्न : वीज कशाला हवी? ॲनोडचे ठोकळे काढून घ्या आणि बाकीचे समुद्रावर सोपवा. तो कोणालाच सोडत नाही.

उत्तर : समुद्र सोडत नाही, पण तो फार सावकाश खातो. कायम पाण्याखाली असलेले साधे पोलाद वर्षाला सरासरी 0.1 मिलिमीटरच्या आसपास गंजते. 25 मिलिमीटर जाडीची नळी दोन्ही बाजूंनी गंजत असेल तर तिला सव्वाशे वर्षे लागतील. नळी आतून बंद असेल, तर अडीचशे. पृष्ठभागाजवळ, जिथे लाटांचे पाणी उडते, तिथे हा वेग कित्येक पट असतो. चिखलात गाडलेल्या भागात ऑक्सिजन पोहोचत नसल्याने तो सहसा आणखी मंद असतो, पण सल्फेटवर जगणारे जिवाणू वाढले तर तिथेच अचानक खोल खड्डे पडतात. म्हणजे एकच पाय वर, मध्ये आणि खाली तीन वेगवेगळ्या गतींनी झिजतो.

टायटॅनिक जहाज 1912 मध्ये बुडाले आणि 1985 मध्ये सुमारे 3,800 मीटर खोलीवर सापडले. त्याच्यावर गंजाची लोंबती झुंबरे वाढली आहेत आणि त्या गंजातून वेगळ्या केलेल्या एका जिवाणूला 2010 मध्ये हॅलोमोनास टायटॅनिकी असे नावही दिले गेले. जिवाणूंची इतकी मोठी वस्ती कामाला लागलेली असूनही शंभरहून अधिक वर्षांनंतर जहाजाचा पुढचा भाग ओळखू येईल असा उभा आहे.

त्याहून मोठा प्रश्न असा की, गंज एकसारखा चढत नाही. तळावरच्या पाइपलाइनवर इपॉक्सी, पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचे कोटिंग असते, कित्येकदा त्यावर काँक्रीटचा जाड थरही असतो. ठोकळे काढले की गंजाचा सगळा जोर कोटिंग उखडलेल्या लहानशा जागांवर एकवटतो. तिथे पाइपला आरपार भोक पडते, पण दहा मीटर अंतरावरचा भाग नव्यासारखा राहतो. भोक पडणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. कोटिंगचे प्लॅस्टिक तर गंजतच नाही. आतले लोखंड गेल्यावर ते सैल होऊन तुटत राहते आणि त्याचे तुकडे समुद्रात पसरतात.

अर्धवट गंजलेले बांधकाम हे धड बांधकाम नसते आणि मोकळा तळही नसतो. उचलायला जावे तर पकडलेली कडीच निसटते. जवळ जावे तर वरचा भाग केव्हा कोसळेल याचा नेम नाही. आणि मासेमारांच्या दृष्टीने वेडावाकडा, टोके बाहेर आलेला सांगाडा गुळगुळीत पाइपपेक्षा जास्त घातक असतो. 1997 मध्ये उत्तर समुद्रात वेस्टहेवन या मासेमारी नौकेचे जाळ्याचे साहित्य तळावरच्या पाइपलाइनमध्ये अडकून नौका उलटली आणि तिच्यावरचे चौघे जण मरण पावले. ‘समुद्रावर सोपवा’ असे म्हणताना, त्याच तळावरून रोज जाळी ओढून पोट भरणारी माणसे आहेत याचा विसर पडू देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : मग ही कल्पना पूर्णपणे निरुपयोगीच म्हणायची का?

उत्तर : मुळीच नाही, आणि या प्रश्नाला मी जरा सविस्तर उत्तर देणार आहे. आतापर्यंतचे सगळे आक्षेप शेकडो-हजारो टन विरघळवण्याला होते. काही ग्रॅम, तेही ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी विरघळवणे ही निराळी गोष्ट आहे. ती आज अनेक ठिकाणी नेमाने केली जाते.

समुद्रशास्त्रज्ञ तळाशी उपकरणे सोडतात तेव्हा ती एका वजनाला बांधलेली असतात. काम संपले की वजन सोडायचे आणि उपकरण तरंगत वर यायचे, अशी योजना असते. काही उपकरणांत हे वजन एका बारीक तारेने धरलेले असते. त्या तारेवर सगळीकडे विद्युतरोधक आवरण असते, फक्त एका जागी ते मुद्दाम खरवडलेले असते. इशारा मिळाला की तारेला बॅटरीचे धन टोक जोडले जाते, उघडा भाग काही मिनिटांत पाण्यात विरतो आणि तार तुटते. यात ना स्फोटके, ना मोटर, ना हलणारे भाग. खेकड्यांच्या सापळ्यांतही दोन भिन्न धातूंचे छोटे दुवे वापरतात. ते बॅटरीशिवाय, एकमेकांच्या सान्निध्याने काही तासांत किंवा दिवसांत झिजून सापळ्याचे दार किंवा दोर मोकळा करतात. थंड पाण्यात त्यांना जास्त वेळ लागतो, हे मच्छीमारांना अनुभवाने ठाऊक असते.

तेलउद्योगातही हे तंत्र नवे नाही. खडक फोडण्यासाठी विहिरीचे निरनिराळे टप्पे तात्पुरते बंद करावे लागतात. त्यासाठी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे गोळे आणि बूच वापरतात. शुद्ध मॅग्नेशियमची झीज वाढावी म्हणून त्यात निकेल किंवा तांब्यासारख्या धातूंचा अंश मुद्दाम घातलेला असतो. काम झाल्यावर विहिरीतील खाऱ्या पाण्यात ते विरघळून जातात आणि त्यांना ड्रिलने फोडून काढण्याचा खर्च वाचतो.

आता समुद्रतळावरच्या एका बोल्टकडे जवळून पाहू. बोल्टचा व्यास 25 मिलिमीटर आहे. त्याला सर्व बाजूंनी विद्युतरोधक बाही चढवलेली आहे; फक्त मध्यावर तीन मिलिमीटर रुंदीचे एक कडे उघडे ठेवले आहे. एवढ्या जागेतील पोलादाचे वजन सुमारे साडेअकरा ग्रॅम भरते आणि ते विरघळवायला जवळजवळ 11 अँपियर-तास लागतात. दोन अँपियर प्रवाह दिला तर कागदावर साडेपाच तासांत बोल्टचे दोन तुकडे व्हायला हवेत. प्रत्यक्षात चीर खोल होत जाते तसतसा तिच्यात गंजाचा चिकट गाळ साचतो, ताजे पाणी आत पोहोचत नाही आणि शेवटचे दोन-तीन मिलिमीटर रेंगाळतात. म्हणून बोल्टवर ताण ठेवावा लागतो, म्हणजे तो पुरेसा बारीक झाला की स्वतःच तुटतो. या मांडणीत एक फार सुंदर गोष्ट आहे. बोल्ट यंत्रापासून विद्युतदृष्ट्या अलग असेल, तर खुद्द यंत्रालाच कॅथोड करता येते. जो प्रवाह बोल्ट खातो तोच बाकीच्या यंत्राला गंजापासून वाचवतो, आणि बोल्ट तुटल्यावर यंत्र धडधाकट अवस्थेत वर उचलता येते.

हिऱ्याच्या कणांची तार, वाळूमिश्रित पाण्याचा झोत, जलविद्युत कात्र्या ही कापण्याची आजची साधने उत्तम आहेत, पण ती त्या जागेपर्यंत न्यावी लागतात, घट्ट धरावी लागतात आणि त्यासाठी जहाज वर थांबून राहते. अडचणीच्या कोपऱ्यातला बोल्ट जहाज येण्यापूर्वीच स्वतःहून तुटून तयार असेल, तर समुद्रावरचे महागडे दिवस वाचतात. गंजवण्याच्या तंत्राचे खरे स्थान मला इथे दिसते. त्याने वस्तू नाहीशी करू नये, तिची पकड सोडवावी.

प्रश्न : विहीर बंद न करताच वरचे वेलहेड, म्हणजे विहिरीच्या तोंडावरची पोलादी जोडणी, गंजवले तर काय होईल?

उत्तर : तसे करणे गुन्हा ठरेल इतके धोकादायक आहे. आधी विहीर, मग बाकी सगळे, हा क्रम कोणत्याही पद्धतीत बदलत नाही. विहिरीत खोलवर सिमेंटचे कायमचे अडथळे बसवून, ते दाबाखाली तपासून, मगच वरच्या झडपांना आणि वेलहेडला हात लावायचा असतो.

परंतु विहीर नीट बंद केल्यावरही एक धोका उरतो आणि तो चटकन लक्षात येत नाही. वेलहेड ही सुटी वस्तू नाही. जमिनीत कित्येक शे मीटर खाली गेलेल्या केसिंगशी, म्हणजे विहिरीच्या पोलादी अस्तरनळीशी, तिचा धातूचा सलग संबंध असतो, आणि बहुधा पाइपलाइनशीही. वेलहेडला धन टोक जोडले की केसिंगही ॲनोड होते. ज्या सिमेंटवर आपण विसंबलो आहोत ते याच केसिंगच्या आत आणि बाहेर आहे. सिमेंट आणि पोलाद यांचा सांधा आपणच कुरतडला, तर तेलाला वर यायला नवी वाट मिळू शकते. म्हणून विद्युत-अलगाव सिद्ध झाल्याशिवाय वेलहेडवर हा प्रयोग होता कामा नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेजारच्या चालू पाइपलाइनचाही विचार करावा लागतो. समुद्राचे पाणी विजेला फारसा अडथळा करत नाही, त्यामुळे प्रवाह आखलेल्या वाटेनेच जाईल असे नाही. तो शेजारच्या पाइपमध्ये शिरतो, त्यातून दूरवर जातो आणि पुन्हा पाण्यात उतरतो. जिथे उतरतो तिथे तो पाइप गंजतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजेच्या ट्राम सुरू झाल्या तेव्हा शहरांतील पाण्याचे नळ याच कारणाने जागोजाग फुटू लागले होते.

प्रश्न : विरघळलेल्या लोखंडाचे पुढे काय होते? लोखंड हे तर समुद्री वनस्पतींचे पोषण आहे, मग यात फायदाच नाही का?

उत्तर : पाण्यात उतरलेले लोखंड फार दूर जात नाही. समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी असते आणि त्यात ऑक्सिजन असतो. अशा पाण्यात, विशेषतः ते उबदार असेल तर, फेरस लोखंड काही मिनिटांतच फेरिक होऊ लागते आणि अविद्राव्य गाळ बनून जवळपासच बसते. एक टन लोखंडापासून सुमारे 1.6 टन गंज तयार होतो. म्हणजे वस्तुमान कमी न होता वाढते, आणि ते तळावरच्या जिवांवर थराथराने साचते. या बदलासाठी ऑक्सिजनही खर्च होतो. कॅथोडवर फक्त हायड्रोजन सुटत असेल तरी टनामागे सुमारे 143 किलो. समुद्राच्या सुमारे 18 हजार घनमीटर पाण्यात जेवढा ऑक्सिजन विरघळलेला असतो तेवढा. वाहत्या, मोकळ्या पाण्यात ही भरपाई लगेच होते. खोलगट, संथ जागी तसे होईलच असे नाही.

लोखंडाअभावी वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, वाढत नाहीत असे समुद्राचे भाग आहेत, विशेषतः अंटार्क्टिकाभोवतीचा महासागर. पण तेलक्षेत्रे बहुतेक करून किनाऱ्यालगतच्या उथळ मंचावर असतात आणि तिथे नद्यांच्या गाळातून लोखंड आधीच पोहोचलेले असते. तेव्हा खताचा मुद्दा इथे लागू पडत नाही.

माझी काळजी लोखंडाबद्दल कमी आणि त्याच्यासोबत जे असते त्याबद्दल जास्त आहे. काही वायुक्षेत्रांत पाइपच्या आतल्या पृष्ठभागात पारा मुरलेला असतो. जुन्या पाइपांत बेरियम सल्फेटचे कवच चढते आणि त्यात रेडियमचा अंश असू शकतो. पाइप वर आणला तर हे सारे नियंत्रित जागी हाताळता येते. पाइप विरघळवला तर ते थेट पाण्यात मोकळे होते. यंत्रांचे काही भाग क्रोमियम-निकेलयुक्त पोलादाचे असतात. त्यांना जबरदस्तीने जास्त व्होल्टेजवर विरघळवले तर विषारी षट्संयुजी क्रोमियम तयार होऊ शकते. टायटॅनियमचे भाग तर विरघळतच नाहीत. त्यांच्यावरचा ऑक्साइडचा थर फक्त जाड होतो.

प्रश्न : कॅथोडवर सुटणाऱ्या हायड्रोजनचा स्फोट होईल का?

उत्तर : खोल मोकळ्या पाण्यात तशी भीती नाही. एक टन लोखंडामागे सुमारे 36 किलो हायड्रोजन सुटतो. वातावरणीय दाबाला तो 400 घनमीटरच्या आसपास भरतो, पण वर्षभरात विखरून सुटला तर बहुतेक पाण्यातच विरतो. तो एखाद्या बंद पोकळीत किंवा प्लॅटफॉर्मखालच्या कोनाड्यात साचणार नाही, एवढे पाहावे लागते. कॅथोडवर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांचा पांढरा थर चढून प्रवाह हळूहळू घटतो, हा त्रास रोजच्या कामात अधिक जाणवेल.

प्रश्न : कायदा याला ‘काढून टाकणे’ मानेल की ‘समुद्रात टाकणे’?

उत्तर : या विषयातला हाच सर्वांत नाजूक प्रश्न आहे. 1958 च्या जिनिव्हा करारात वापरात नसलेली बांधकामे पूर्णपणे काढावीत असे म्हटले होते. 1982 च्या सागरी कायद्याने ती अट थोडी सैल केली आणि जहाजवाहतूक, मासेमारी व पर्यावरण यांना बाधा येऊ नये यावर भर दिला. त्यानुसार आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 1989 मध्ये मार्गदर्शक सूत्रे केली : 75 मीटरपेक्षा कमी खोलीतील आणि वरचा मजला वगळता 4,000 टनांपेक्षा कमी वजनाची बांधकामे पूर्ण काढावीत, 1 जानेवारी 1998 नंतर उभारलेल्यांसाठी खोलीची मर्यादा 100 मीटर. काही भाग पाण्याखाली ठेवायचा झाला, तर त्याच्यावर किमान 55 मीटर मोकळे पाणी असावे.

1995 मध्ये ब्रेंट स्पार या तरंगत्या तेलसाठ्याला अटलांटिकच्या खोल पाण्यात बुडवण्याचा बेत शेल कंपनीला तीव्र विरोधामुळे सोडावा लागला. त्यानंतर 1998 मध्ये ईशान्य अटलांटिकच्या ओस्पार कराराने अशी बांधकामे समुद्रात टाकणे किंवा जागेवर ठेवणे यावर बंदी घातली. अपवाद ठेवले ते मुख्यतः काँक्रीटच्या प्रचंड पायांसाठी आणि जुन्या, दहा हजार टनांहून जड जॅकेटांच्या पायथ्यांसाठी. 1996 च्या लंडन प्रोटोकॉलमध्ये तर केवळ विल्हेवाटीच्या हेतूने प्लॅटफॉर्म जागेवर सोडून देणे किंवा आडवा पाडणे हेही ‘समुद्रात टाकणे’ या व्याख्येत धरले आहे.

या शब्दांच्या प्रकाशात पाहिले, तर संपूर्ण बांधकाम जागच्या जागी विरघळवणे म्हणजे तेच बांधकाम गाळाच्या रूपात समुद्रात टाकणे आहे, असा युक्तिवाद सहज करता येतो आणि मला तो पटतो. बोल्ट गंजवून यंत्र वर काढण्याबाबत मात्र असा आक्षेप घेता येणार नाही.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. आज नवे तळयंत्र आखताना या तंत्रासाठी काय सोय ठेवावी?

उत्तर : पकड सोडवणारे बोल्ट आधीच निवडून ठेवावेत आणि फक्त त्यांनाच विद्युतरोधक बाही द्यावी. यंत्राच्या सेवाकाळात हे बोल्ट संरक्षक ॲनोडांशी तारेने जोडलेले असावेत, म्हणजे वीस-तीस वर्षे त्यांना गंज लागणार नाही. मोडीत काढताना ती तार आरओव्हीने, म्हणजे दूरवरून चालवल्या जाणाऱ्या पाणबुड्या यंत्राने, कापता यावी आणि त्याच टोकाला बॅटरी जोडता यावी. अति ताकदीच्या पोलादाचे बोल्ट टाळावेत, कारण वर्षानुवर्षे कॅथोड राहिलेल्या अशा पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होते आणि आपल्याआधीच तुटते. प्रत्येक बोल्टजवळ एक मोजणीचे टोक ठेवावे, म्हणजे अलगाव अजून शाबूत आहे का हे दर तपासणीला पाहता येईल. बाहीला एक चीर गेली तरी प्रवाह बोल्टऐवजी भलतीकडे जाईल. आणि हे सारे फसले तर साध्या करवतीला शिरता यावे, म्हणून बोल्टभोवती हातभर मोकळी जागा सोडावी. आराखड्यात प्रत्येक उघड्या कड्याची रुंदी, पोलादाचा प्रकार आणि लागणारे अँपियर-तास लिहून ठेवावेत. यंत्र मोडीत काढण्याची वेळ येईल तेव्हा ते आखणारे कोणी कामावर असण्याची शक्यता कमी आहे.